स्लेटचा ठोकळा हाताने उकलायचा कसा

स्लेटच्या जाड ठोकळ्यातून हाताने सपाट पाट्या काढता येतात आणि त्याला ताकद फारशी लागत नाही. थर ओळखणारी नजर लागते, रुंद पात्याची छिन्नी लागते आणि घाव घातल्यावर थांबायची सवय लागते. बागेतल्या पायवाटेच्या फरश्या, दारावरची नावाची पाटी, कुंड्यांत खोचायच्या पट्ट्या, भिंतीला लावायचे तुकडे, हे सगळं घरच्या अंगणात बसून करता येतं.

खाली सांगतो आहे ती रीत मुळात उत्तर वेल्समधल्या खाणींची. १८९८ साली वेल्सच्या स्लेट खाणींत सुमारे १७,००० माणसं कामाला होती आणि वर्षाला जवळपास पाच लाख टन तयार माल निघत होता. पेनरिन आणि दिनॉर्विग या तिथल्या सगळ्यांत मोठ्या खाणी. दिनॉर्विग १९६९ मध्ये बंद पडली, तिच्या जुन्या कार्यशाळांत पुढे लानबेरिसचं स्लेट संग्रहालय झालं आणि २०२१ मध्ये त्या सगळ्या परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. दगड कापायला आणि उचलायला यंत्रं केव्हाच आली. पण पातळ पाट्या सोडवायचं काम वेल्समध्ये आणि स्पेनच्या गॅलिसियात अजूनही बरंचसं हातानेच होतं, कारण प्रत्येक ठोकळ्याचा स्वभाव वेगळा आणि तो बघूनच छिन्नी लावावी लागते. आपल्याकडे धरमशाला, पालमपूरच्या बाजूला फिरून आलेल्यांनी घरांवरची करड्या पाट्यांची छपरं पाहिली असतील. धरमशालेजवळचं खनियारा हे याच दगडाच्या खाणींचं गाव.

दगड कोणता घ्यायचा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. तो फुटतो, पण सपाट थरांत सुटत नाही, त्यामुळे टेकडीवरचा दगड आणून हे काम होणार नाही. शहाबादी फरशी थरांत निघते, पण ती चुनखडक आहे. स्वयंपाकघरातला कडाप्पाही चुनखडकच. दोन्ही फरश्या म्हणून उत्तम, मात्र त्यांचे थर गाळ साचताना पडलेले असतात आणि ते मिळतील त्या जाडीत घ्यावे लागतात. स्लेट त्या मानाने कितीतरी पातळ सुटते.

आपल्या बाजारात येणारी स्लेट मुख्यतः हिमाचल, राजस्थान, हरियाणातलं कुंड आणि आंध्र प्रदेशातल्या मार्कापूर भागातली असते. शाळेच्या दगडी पाट्यांसाठी मार्कापूरचं नाव जुन्या दुकानदारांना अजून आठवतं. फरशीवाल्यांकडे ती सहसा आधीच चिरून, कापून आलेली असते, एक-दोन सेंटीमीटर जाडीची. आपल्याला न चिरलेला जाड तुकडा हवा असतो, तो मुद्दाम सांगून मागवावा लागतो. पहिल्या वेळी ३० बाय २० सेंटीमीटरपेक्षा मोठा घेऊ नका. दहा सेंटीमीटर जाडीचा असा तुकडा साधारण साडेसोळा किलो भरतो आणि उचलता-ठेवताना तेवढं वजन पुरे होतं.

दुकानात तीन गोष्टी बघा. तुकडा कडेवर उभा धरून त्यावर किल्लीने टकटक करा. धातूसारखा खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे, तो परत ठेवा. दुसरं, कोपरा खरवडून भुकटी काढा आणि तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फेस आला तर बहुधा तुमच्या हातात चुनखडक आहे. तिसरं, पृष्ठभागावर सोनेरी चौकोनी कण दिसतात का ते पाहा. ते पायराइटचे स्फटिक. पावसात ते गंजतात, पाटीवर तपकिरी ओघळ उतरतात आणि कालांतराने तिथे भोक पडू शकतं. घरात वापरायच्या तुकड्यात ते चालतील, छपरावर किंवा बागेत नाही. पांढऱ्या गारेची शीर ठोकळ्यातून आडवी जात असेल तर तोही टाळा. चीर त्या शिरेपाशी आली की अडते किंवा भलतीकडे वळते.

थर म्हणजे नक्की काय

स्लेट मुळात चिखलगाळ. तो गाळ साचला, त्याचा दगड झाला आणि नंतर जमिनीच्या हालचालींत तो प्रचंड दाबाखाली आला. त्या दाबात आणि उष्णतेत चिकणमातीतून अभ्रक आणि क्लोराइटचे सूक्ष्म, चपटे कण तयार झाले आणि दाबाच्या दिशेला काटकोनात आडवे बसले. मूठभर पोहे दोन फळ्यांमध्ये दाबले की जसे सगळे फळीला समांतर होतात, तसं. दगड सुटतो तो या चपट्या कणांच्या पातळीत. भूशास्त्रात या गुणाला पाटन म्हणतात.

नवशिक्याची सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. गाळ साचतानाचे मूळ थर आणि पाटनाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकमेकींना कितीही अंशांत छेदू शकतात, कारण दाब गाळ साचल्यानंतर खूप काळाने, वेगळ्याच बाजूने आलेला असतो. ठोकळ्याच्या कडेवर जे फिके-गडद रंगांचे पट्टे दिसतात ते बहुधा मूळ थरांचे. डोळ्यांत भरतात तेच, म्हणून माणूस छिन्नी त्यांच्यावर लावतो आणि दगडाचे ओबडधोबड तुकडे होतात.

खरी पातळी शोधायची तर फुटलेली, न कापलेली कड बघा. उन्हात तिरकी धरली की तिच्यावर केसासारख्या बारीक समांतर रेघा दिसतात. कड ओली करा आणि सुकू द्या. सुकताना जिथे पाणी धरून राहतं तिथे काळपट रेघा उरतात. त्या रेघांना समांतर असलेला ठोकळ्याचा सपाट चेहरा रेशमासारखा किंचित चमकतो, बाकीच्या बाजू मंद दिसतात. हे दोन्ही जुळले की पेन्सिलने चारही कडांवर ती दिशा आखून घ्या. रंगाचे पट्टे तिरके जात असतील तर जाऊ द्या. ते तयार पाटीवर नक्षी म्हणून छान दिसतात.

हत्यारं

छिन्नी रुंद आणि पातळ हवी. पातं सात-आठ सेंटीमीटर रुंद असावं. विटा तोडायची रुंद छिन्नी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती सुरुवातीला चालेल, फक्त तिची धार दोन्ही बाजूंनी सारखी, लांब उताराची करून घ्यावी लागते. धार सुरीसारखी नको. दगड कापायचा नाही, छिन्नीने पाचरीचं काम करायचं आहे, त्यामुळे अगदी टोकाला ती जराशी बोथट असलेलीच बरी. दोन छिन्न्या असल्या तर काम फार सोपं होतं, एक आत रुतलेली राहते आणि दुसरी पुढे सरकते.

हातोडा लोखंडी नको. वेल्सचे कारागीर लाकडी मोगरी वापरत आले आहेत. लोखंडी हातोड्याचा घाव टणक आणि क्षणिक असतो, तो पात्याजवळचा दगड चुरडतो. मोगरीचा घाव मऊ पण भरीव बसतो आणि चिरीला पुढे जायला वेळ मिळतो. बाभळीची किंवा सागाची, किलोभर वजनाची मोगरी सुतार सहज करून देईल.

याशिवाय पुट्टी मारायची स्टीलची पातळ पाती, लाकडाच्या चार-सहा पाचरी, गोणपाट, पाण्याची बादली आणि कड तासायला जाड पात्याची जुनी सुरी किंवा कोयता.

धुळीबद्दल

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. स्लेटमध्ये सिलिका असते आणि तिची बारीक धूळ फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनी हे भोगलं आहे. तरुणपणीच दम लागून माणसं गेली. वेल्समध्ये खाणमालकांच्या बाजूचे डॉक्टर कामगारांच्या आजाराचं खापर उकळून ठेवलेल्या चहावर फोडत राहिले आणि तिथल्या कामगारांना भरपाई देणारा कायदा यायला १९७९ साल उजाडलं. तोवर बहुतेक खाणी बंदही पडल्या होत्या.

ओला दगड छिन्नीने उकलताना धूळ फारच कमी उडते. धोका ग्राइंडरचा आहे. सुक्या स्लेटवर ग्राइंडर चालवू नका. कापायचंच असेल तर पाण्याची सोय असलेल्या कटरवर, दगड कापणाऱ्याकडून कापून आणा. काम उघड्यावर करा, चांगला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा आणि शेवटी जागा झाडू नका, पाणी मारून धुऊन घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटलेल्या पाटीची कड काचेसारखी कापते, त्यामुळे जाड हातमोजे आणि बंद बूट घाला.

ओल टिकवा

खाणीतून नुकताच निघालेला दगड सगळ्यांत चांगला सुटतो. त्याच्यात मुरलेली ओल उडून गेली की तो हट्टी होतो. म्हणून खाणीत ठोकळे उन्हात पडू देत नाहीत, ओले ठेवतात. आपल्याला मिळणारा तुकडा महिनोन् महिने गोदामात सुकलेला असतो. तो दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि काम सुरू असताना ओल्या गोणपाटात गुंडाळा. मूळची ओल पूर्णपणे परत येत नाही, पण कडेच्या रेघा पाण्याने उठून दिसतात आणि धूळ बसते, एवढा फायदा नक्की होतो. शक्य असेल तर पावसाळ्यातच ताजा माल मागवा.

निम्म्याचा नियम

आता कामाचा गाभा. ठोकळा नेहमी मधोमध चिरायचा. वरून एक पातळ पाटी काढू, मग दुसरी, मग तिसरी, असा मोह होतो आणि पहिल्याच पाटीला तो मोडतो. चीर दोन्ही बाजूंना सारखी जाडी असेल तर सरळ जाते. एक बाजू पातळ असेल तर ती जास्त वाकते, चीर तिच्याकडे झुकते आणि अर्ध्या वाटेत पृष्ठभागावर बाहेर पडते. हातात पाचरीसारखा तुकडा येतो, एकीकडे जाड, दुसरीकडे शून्य.

म्हणून दोन भाग करायचे, मग त्या प्रत्येकाचे दोन, मग पुन्हा दोन. याचा परिणाम खरेदीवर होतो, हे आधीच लक्षात घ्या. बारा मिलिमीटरच्या पाट्या हव्या असतील तर ठोकळा २४, ४८ किंवा ९६ मिलिमीटरच्या आसपास घ्यावा. साठ मिलिमीटरचा मिळाला तर पाच पाट्यांचा हिशोब सोडून द्या आणि पंधराच्या चार काढा. छपराच्या वेल्श पाट्या पाच ते सात मिलिमीटरच्या असतात, पण त्या हातांनी वर्षानुवर्षं तेच काम केलेलं असतं. सुरुवातीला बारा मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

पहिली चीर

ठोकळ्याची आखूड कड वर करून तो उभा ठेवा. वेल्सचे कारागीर ठेंगण्या बैठकीवर बसून ठोकळा मांडीला टेकवून काम करतात. आपण तसं न करता तो वाळूने भरलेल्या गोणीला टेकवावा. खाली लाकडाची फळी किंवा जुनं रबर हवं. काँक्रीटवर ठेवलात तर खालची कड टवका जाऊन खराब होते.

वरच्या कडेचा मध्य मोजून आखा. छिन्नीचं पातं त्या रेघेवर, कडेच्या मधोमध ठेवा. ते पाटनाच्या पातळीत सरळ उभं आहे ना, हे बाजूने वाकून बघा. दोन-तीन अंशांचा तिरकेपणाही पुढे नडतो. मग मोगरीने हलके घाव. पहिल्या घावांनी फक्त खाच पडायला हवी. पातं उचला, शेजारी सरकवा, पुन्हा खाच. अशी वरची सगळी कड एका रेघेत खाचून घ्या.

आता मध्यावर परत या आणि जरा भरीव घाव घाला. एक घाव घातल्यावर थांबा. चीर घावाच्या क्षणी सगळी पडत नाही, ती थोडी पुढे सरकते आणि थांबते. कान देऊन ऐका. सुरुवातीचा टणत्कार हळूहळू जड होत जातो आणि एका घावाला पोकळ, फाटका आवाज येतो. तो आला की चीर सुरू झाली. ओल्या कडेवर बोट फिरवा, पाणी त्या बारीक रेघेत ओढलं जाताना दिसतं. या जागी घाई करून दणका दिला तर पातं चिरीच्या बाहेर जोर लावतं आणि कोपरा उडतो.

चीर दिसली की छिन्नी तिच्यात आणखी थोडी रुतवा आणि मोगरी बाजूला ठेवा. छिन्नीची मूठ हलकेच पुढे-मागे करा, कणभरच. चीर खाली उतरू लागते. दोन्ही उभ्या कडांवर ती कुठवर आली आहे ते बघत राहा. एका कडेवर पुढे आणि दुसऱ्या कडेवर मागे असेल तर मागे राहिलेल्या बाजूला दुसरी छिन्नी किंवा पुट्टीची पाती सरकवा. दोन्हीकडे चीर साधारण एका उंचीवर असली की लाकडी पाचरी आत ढकला आणि छिन्नी मोकळी करा. शेवटी एक दबलेला फटकन् आवाज येतो आणि दोन अर्धी वेगळी होतात. आधीच हात देऊन ठेवा, नाहीतर सुटलेलं अर्ध पायावर येईल.

आतला चेहरा उघडला की तो नीट बघा. त्यावर चिरीच्या वाटचालीच्या हलक्या कमानी उमटलेल्या असतात. त्या सरळ, समान अंतरावर असतील तर हात बरोबर चालला आहे. एका बाजूला दाट झाल्या असतील तर तिकडे चीर अडखळली होती, पुढच्या वेळी त्या कडेला आधी पाती घालायची.

चीर भरकटली तर

चीर मध्यापासून सरकताना दिसली की लगेच थांबा. जोर वाढवला की ती आणखी वेगाने पृष्ठभागाकडे धावते. छिन्नी काढा, ठोकळा उलटा करून दुसऱ्या टोकाकडून मधोमध नवी चीर सुरू करा आणि ती पहिलीला येऊन भेटू द्या. जोडाच्या जागी छोटी पायरी राहते, ती नंतर तासता येते.

दोन-तीन टोकांकडून प्रयत्न करूनही चीर धरत नसेल तर तो ठोकळा पायवाटेत वापरा. सगळे दगड सुटत नाहीत, याचा राग मानू नये. वेल्समध्ये एक टन तयार पाट्यांमागे दहा टन किंवा त्याहून जास्त टाकाऊ दगड निघत असे. तिथल्या गावांमागे दिसणारे करडे डोंगर त्याच टाकाऊ दगडाचे आहेत.

पुढच्या चिरी आणि कडा

अर्धी पुन्हा ओली करा आणि तीच रीत. जाडी कमी होत जाईल तसे घाव हलके करायचे आणि पातळ पातं वापरायचं. तीन सेंटीमीटरच्या खाली आल्यावर मी तुकडा उभ्याने न चिरता गोणीवर किंचित तिरका टेकवतो, म्हणजे तो थरथरत नाही. थरथरणारी पाटी मधूनच आडवी मोडते.

पाट्या सुटल्या की प्रत्येक बोटांवर तोलून टकटक करून ऐका. बद्द वाजणारी वेगळी ठेवा, तिच्यावर पाय पडेल किंवा डोक्यावर टांगली जाईल अशा जागी ती लावू नका.

कड तासताना पाटी सरळ लोखंडी पट्टीच्या किंवा फळीच्या काठावर अशी ठेवा की नको असलेला भाग बाहेर राहील. जाड सुरीने काठाला लगटून, एका टोकाकडून सुरुवात करून, थोडं थोडं तोडत जा. घाव पडतो ती वरची बाजू स्वच्छ सरळ तुटते आणि खालच्या बाजूला टवके उडून उतरती कड तयार होते. त्यामुळे सरळ, नेटकी रेघ हवी असेल तर दर्शनी बाजू वर ठेवा. छपराच्या पाट्यांसारखी खडबडीत उतरती कड आवडत असेल तर दर्शनी बाजू खाली.

भोक पाडायचं असेल तर दगडाचं बिट, ड्रिलचा हातोडा-मोड बंद, गती कमी आणि भोकावर पाणी. पाटीखाली लाकूड दाबून धरा, म्हणजे बिट बाहेर पडताना मागचा टवका उडत नाही. कडेपासून किमान तीन सेंटीमीटर आत राहा. शेवटी सगळ्या कडांवरून ओला धारेचा दगड फिरवून धार मोडा.

लावताना

पायवाटेसाठी अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जाड तुकडे घ्या आणि दाबून सारख्या केलेल्या वाळूवर पूर्ण टेकतील असे बसवा. पोटाखाली पोकळी राहिली की पातळ पाटी पावलाखाली मोडते. भिंतीवर लावताना वजन धरा. ३० बाय ३० सेंटीमीटरची, बारा मिलिमीटरची पाटी तीन किलोच्या आसपास जाते.

बाहेर पावसात राहायची असेल तर पाणी किती शोषते ते घरीच तपासा. तुकडा उन्हात पूर्ण सुकवून नाजूक काट्यावर तोला, दोन दिवस पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. अमेरिकी मानकात छपराच्या सगळ्यांत वरच्या प्रतीला ०.२५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि शेवटच्या प्रतीला ०.४५ टक्क्यांची. एक किलोच्या तुकड्याचं वजन पाच ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर तो घरातच वापरा.

रंग गडद हवा असेल तर पूर्ण सुकलेल्या पाटीवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसून काढा. खाण्याचे पदार्थ ठेवायच्या पाटीला कुठलंही सीलर लावू नका, फक्त धुऊन वापरा. उरलेल्या पाट्या एकावर एक आडव्या रचू नका. भिंतीला टेकवून, कडेवर उभ्या ठेवा. बारीक टवके कुंड्यांत मातीवर पसरले की माती लवकर सुकत नाही, फक्त पायराइटचे कण असलेले टवके फिक्या फरशीवरच्या कुंड्यांत नकोत, त्यांचे गंजाचे डाग निघत नाहीत.